सत्ताविसाव्या वर्षी फर्स्ट इयर

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना तीनच गोष्टी आठवतात. कापलेला कान, सूर्यफुलं, आणि हयातीत त्याचं फक्त एकच चित्र विकलं गेलं ही हकीकत. तिसरी गोष्ट तर पूर्ण खरीही नाही, ते पुढे ओघात येईलच. कानाबद्दल मात्र या लेखात काही मिळणार नाही. त्यावर सिनेमे निघाले, पुस्तकं निघाली, तेवढं पुरे. मला सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं, म्हणजे हा माणूस चित्र काढायला शिकला कसा.

कारण तो शिकला. व्हिन्सेंटच्या हातात जन्मतःच काही जादू होती असा आपला समज असतो. १८८० आणि १८८१ मधली त्याची रेखाटनं पाहिली की तो समज पार उतरतो. माणसं लाकडाची वाटतात, डोकी धडावर नुसती ठेवलेली, हात एवढे मोठे की फावडं कुठे संपतं आणि पंजा कुठे सुरू होतो ते कळू नये. आपल्याकडच्या इंटरमिजिएट परीक्षेला ती पाठवली असती तर परीक्षकाने फार विचार न करता सी ग्रेड दिली असती. आणि हे काढणारा मुलगा बारा-चौदा वर्षांचा नव्हता, चांगला सत्तावीस वर्षांचा घोडा होता! ज्या वयात आपल्यातले बरेचजण दोन नोकऱ्या बदलून झालेले असतील, त्या वयात हा पेन्सिल कशी धरायची इथपासून सुरुवात करत होता.

(नावाबद्दल जाता जाता. डच लोक त्याच्या आडनावाचा उच्चार आपल्या 'खोख'च्या जवळपास करतात. परदेशी लोकांना तो जमत नाही हे त्यालाही माहीत होतं. म्हणून चित्रांवर तो फक्त 'व्हिन्सेंट' अशी सही करायचा. मीही तेवढंच वापरतो.)

जन्म ३० मार्च १८५३ चा, हॉलंडच्या दक्षिणेकडच्या ब्राबांट प्रांतातल्या झुंडर्ट गावी. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. सहा भावंडांत हा थोरला. चार वर्षांनी धाकटा भाऊ थिओ जन्मला, तो या गोष्टीतला दुसरा नायक. शाळा मध्येच सुटली. घरात काकांचा चित्रविक्रीचा धंदा होता, त्यामुळे १८६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, व्हिन्सेंट 'गूपिल' नावाच्या बड्या पेढीच्या हेगमधल्या शाखेत चिकटला. पुढे लंडन, मग पॅरिस. या सात वर्षांत त्याने हजारो चित्रं आणि चित्रांच्या छापील प्रती पाहिल्या. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण हाताच्या आधी त्याचा डोळा तयार झाला होता. चांगलं काय ते कळत होतं, फक्त स्वतःला काढता येत नव्हतं. नंतर जो त्रास झाला त्यातला अर्धा यामुळेच झाला.

गिऱ्हाइकाला न आवडणारं बोलून दाखवण्याच्या सवयीमुळे आणि एकूणच मन उडाल्यामुळे १८७६ मध्ये नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये शाळामास्तर. मग डॉर्ड्रेख्टला पुस्तकाच्या दुकानात. मग वडिलांसारखं धर्मोपदेशक व्हायचं ठरवून अ‍ॅमस्टरडॅमला विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. लॅटिन आणि ग्रीक या दोन विषयांनी त्याला असं काही दमवलं की वर्षभरात त्याने अभ्यास सोडला. मग ब्रुसेल्सला धर्मप्रचारकांचा तीन महिन्यांचा वर्ग, तिथेही पसंती नाही. शेवटी १८७८ च्या डिसेंबरात तो बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या भागात गेला. तिथे त्याला सहा महिन्यांची प्रचारकाची नेमणूक मिळाली. मार्कास नावाच्या खाणीत तो सातशे मीटर खाली उतरून आला. खाणकामगारांचे हाल पाहून स्वतःचे कपडे वाटून टाकले, गवतावर झोपू लागला, तोंडाला कोळसा फासल्यासारखा हिंडू लागला. धर्मोपदेशकाने असं राहणं वरिष्ठांना शोभलं नाही. नेमणूक पुढे वाढली नाही.

१८७९ ची दिवाळी-नाताळ त्याने कशी काढली असेल याची आपण कल्पनाच केलेली बरी. (दिवाळी आपली, नाताळ त्याचा.) घरचे हताश झाले होते. थिओ गूपिलमध्येच नोकरीला लागून व्यवस्थित वर चढत होता. त्याने भेटीत काही स्पष्ट बोलून दाखवलं आणि दोघा भावांचा पत्रव्यवहार जवळजवळ वर्षभर थंडावला.

याच काळातला एक प्रसंग आहे. फ्रान्समधल्या कुरिएर या गावी ज्यूल ब्रेताँ नावाचा त्या काळचा नामांकित चित्रकार राहत असे. व्हिन्सेंट त्याला भेटायला पायी निघाला. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर, दिवस थंडीचे, खिशात जवळजवळ काहीच नाही. रात्री उघड्यावर, गवताच्या गंजीत काढल्या. वाटेत एक-दोन रेखाटनं देऊन भाकरीचे तुकडे मिळवले. आणि कुरिएरला पोचल्यावर काय केलं? चित्रकाराचा नवा कोरा विटांचा स्टुडिओ बाहेरून पाहिला आणि दार न ठोठावता परत फिरला. हिंमत झाली नाही.

एच.ओ.डीं.च्या केबिनबाहेर दहा मिनिटं घुटमळून परत आलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की हा परत आला आणि आल्यावर कामाला लागला.

१८८० च्या जूनमध्ये थिओने पाठवलेल्या पन्नास फ्रँकांच्या निमित्ताने पुन्हा पत्र सुरू झालं. ऑगस्टमध्ये क्वेम या खाणकामगारांच्या गावी, एका कामगाराच्या घरातल्या लहानशा खोलीत त्याने चित्रकलेचा अभ्यास रीतसर सुरू केला. त्याच खोलीत घरातल्या मुलांची खाट, उजेड अपुरा. हवा बरी असेल तेव्हा तो बागेत बसून काम करी.

त्याचं 'सिलॅबस' काय होतं? शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने तयार केलेला रेखाटनाचा एक अभ्यासक्रम गूपिलनेच छापला होता. मोठाल्या छापील तक्त्यांवर सोप्यापासून अवघडापर्यंत रेखाटनं असायची आणि विद्यार्थ्याने ती समोर ठेवून जशीच्या तशी काढायची. त्यातला कोळशाच्या कांडीने काढायच्या मानवी आकृतींचा साठ तक्त्यांचा संच हेगमधल्या त्याच्या जुन्या साहेबाने, टेरस्टेख यांनी, त्याला वापरायला पाठवला. व्हिन्सेंटने साठच्या साठ तक्ते काढले. आपण हॉस्टेलवर रात्री दोन वाजता टेबलाखाली बल्ब लावून काचेवर जी.टी. मारतो त्यातला हा प्रकार नव्हे. इथे मूळ तक्ता बाजूला ठेवून, अंदाजाने माप घेऊन, खोडून, पुन्हा काढायचं. शिवाय मिये या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकरी चित्रांच्या प्रती त्याने केल्या. त्यात एक 'पेरणी करणारा' होता. हे चित्र लक्षात ठेवा. जोडीला कसान्य यांची यथार्थदर्शनावरची, म्हणजे पर्स्पेक्टिव्हवरची पुस्तकं आणि शरीररचनेचे तक्ते.

यात प्रतिभा कुठे दिसते? कुठेच नाही. दिसते ती हमाली. पण एक बदल मात्र याच दोन महिन्यांत झाला. त्याच्या पत्रांचा सूर पालटला. वर्षभर जो माणूस स्वतःला निरुपयोगी ठरवत होता, तो आता आज किती तक्ते झाले आणि उद्या कोणते घेणार हे भावाला लिहायला लागला. आत्मविश्वास आला म्हणून काम सुरू झालं असं इथे झालेलं नाही. दार ठोठवायची हिंमत नव्हती, चित्रं चांगली येत नव्हती, पैसे नव्हते, आणि तरी तक्ता नंबर एक सुरू केला. हिंमत तक्त्यांच्या मागून, हळूहळू आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ब्रुसेल्सला आला. तिथल्या कला अकादमीत नाव घातलं, पण टिकला थोडाच काळ. तिथे त्याला अँथन व्हान रॅपार्ड हा खानदानी, पैसेवाला, वयाने पाच वर्षांनी लहान असलेला चित्रकार मित्र मिळाला. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅचमेट. एकमेकांची कामं पाहायची, चुका काढायच्या, पत्रं लिहायची, असं पाच वर्षं चाललं.

१८८१ मध्ये एटेनला आईवडिलांकडे राहून त्याने गावातल्या माणसांना मॉडेल केलं. खणणारे, पेरणारे, बटाटे सोलणाऱ्या बायका. मग नात्यातल्या एका विधवेच्या प्रेमात पडला, तिने नकार दिला, याने ऐकलं नाही, नाताळात वडिलांशी जोरदार भांडण झालं आणि घर सोडलं. या प्रकरणात माझी सहानुभूती त्या बाईंकडे आहे, त्यामुळे पुढे जातो.

हेगला त्याला पहिला आणि एका अर्थी शेवटचा खरा गुरू मिळाला. अँटन माउव्ह हा तिथला प्रतिष्ठित चित्रकार, नात्याने व्हिन्सेंटच्या मामेबहिणीचा नवरा. त्याने या तिरसट नातेवाइकाला आपल्या स्टुडिओत घेतलं, जलरंग आणि तैलरंग हातात दिले, पैसेही उसने दिले. कोबी आणि लाकडी बूट मांडून काढलेलं व्हिन्सेंटचं सुरुवातीचं तैलचित्र माउव्हच्याच देखरेखीखालचं. पण काही आठवड्यांत खटका उडाला. माउव्हचं म्हणणं होतं की प्लास्टरचे हातपाय समोर ठेवून रेखाटनाचा सराव कर. व्हिन्सेंटला जिवंत माणसं काढायची होती. एके दिवशी तो घरी गेला आणि ते प्लास्टरचे हातपाय फोडून कोळशाच्या डब्यात फेकले. हे त्याने स्वतःच भावाला कळवलं आहे.

इथे सगळे चरित्रकार व्हिन्सेंटची बाजू घेताना दिसतात. मला तसं वाटत नाही. माउव्ह बरोबर होता. पुरावा म्हणजे चार वर्षांनी पॅरिसमध्ये याच व्हिन्सेंटने स्वतःहून प्लास्टरच्या छोट्या मूर्ती समोर ठेवून त्यांची एकामागून एक चित्रं केली. गुरू सांगतो ते आपल्याला पटतं, पण तो सांगतो तेव्हा नाही, आपल्याला गरज पडते तेव्हा. माउव्ह दुरावला त्याला दुसरंही कारण असावं. सीन नावाची एक गरोदर, परित्यक्ता स्त्री मॉडेल म्हणून आली होती आणि व्हिन्सेंटने तिला व तिच्या मुलीला घरात आश्रय दिला होता. प्रतिष्ठित लोकांनी पाठ फिरवली. तिचं 'दुःख' नावाचं १८८२ चं रेखाटन पाहिलं तर दोनच वर्षांपूर्वी या माणसाला मानेवर डोकं बसवता येत नव्हतं हे खरं वाटत नाही.

आणि आता ती विक्रीची गोष्ट. त्याच वसंतात अ‍ॅमस्टरडॅमच्या एका काकांनी, जे चित्रांचे व्यापारी होते, त्याच्याकडून हेग शहराच्या बारा दृश्यांची ऑर्डर दिली. भाव ठरला एका रेखाटनाला अडीच गिल्डर. नंतर दुसरी ऑर्डरही आली, तिचे पैसे अपेक्षेपेक्षा कमी मिळाले आणि हा नाराज झाला. म्हणजे आयुष्यात एकच चित्र विकलं गेलं हे म्हणायला जरा सांभाळूनच म्हणावं. काकांनी पुतण्याला मदत म्हणून दिलेली ऑर्डर असेल, पण पैसे मिळाले ते कामाचे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. अंतराचं प्रमाण त्याला नीट जमत नव्हतं. समोरची होडी केवढी, लांबची केवढी, जमीन किती उतरती दाखवायची, इथे तो अडकायचा. त्यावर त्याने पुस्तकात वाचून एक उपकरण करून घेतलं. दोन उंच खुंट, त्यांवर खुंट्यांनी अडकवलेली आणि वर-खाली सरकवता येणारी लाकडी चौकट. चौकटीत ताणलेले दोरे, एक उभा, एक आडवा आणि दोन तिरपे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. वाळूत घट्ट रोवता यावेत म्हणून खुंटांना लोहाराकडून लोखंडी टोकं बसवून घेतली. १८८२ च्या ऑगस्टमध्ये हे धूड खांद्यावर टाकून तो शेव्हेनिंगनच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचा. क्षितिज आडव्या दोऱ्यावर आणायचं, एक डोळा बारीक करायचा आणि कोणती रेषा कुठल्या दोऱ्याला कुठे छेदते ते पाहून, तशाच रेघा मारलेल्या कागदावर उतरवायचं.

ई.डी.च्या शेवटच्या धड्यातलं 'पिक्चर प्लेन' आठवतंय? ते हेच. स्टेशन पॉइंट म्हणजे व्हिन्सेंटचा डोळा, पिक्चर प्लेन म्हणजे दोऱ्यांची चौकट. आपण शीटवर व्हिज्युअल रे काढून काढून ज्याचे छेदबिंदू शोधतो, ते तो समोर प्रत्यक्ष बघत होता. यात त्याचा शोध काही नाही. १५२५ मध्ये ड्यूररने भूमितीवरच्या आपल्या पुस्तकात अशाच उपकरणांची चित्रं दिली आहेत. पण मला आवडतं ते हे की, आपल्याला जमत नाही याची लाज न धरता याने सरळ सुतार-लोहार गाठला आणि त्यासाठी यंत्र बनवलं. आणि ते वर्षानुवर्षं वापरलं. पॅरिसमधल्या १८८७ च्या काही चित्रांच्या रंगाखाली अभ्यासकांना या चौकटीच्या रेघा सापडल्या आहेत. आपण मात्र ड्राफ्टर दुसऱ्या वर्षी ज्युनियरला विकून मोकळे होतो.

आधी रेखाटन, मग रंग, असं त्याने स्वतःवर बंधन घातलं होतं. त्या ऑगस्टमध्ये थिओ भेटून रंगांसाठी पैसे देऊन गेला तेव्हा कुठे तो तैलरंगांकडे मनापासून वळला. शेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात काढलेल्या समुद्राच्या एका चित्रात उडालेली वाळू रंगात चिकटून बसली ती आजही तिथेच आहे. हे चित्र डिसेंबर २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं. विद्यार्थीदशेतल्या सरावाच्या चित्राला असं भाग्य (किंवा दुर्भाग्य) क्वचितच येत असेल.

थिओ आता त्याला दरमहा पैसे पाठवत होता, पुढे ही रक्कम दीडशे फ्रँकांवर गेली. त्यातले बरेच मॉडेल आणि रंगांवर जायचे, पोटाला कमी उरायचं. घरच्या पैशांवर शिकणाऱ्याला जी टोचणी असते ती त्यालाही होती. १८८४ मध्ये त्याने भावाशी सौदा केला, की तुझे पैसे म्हणजे माझ्या चित्रांची किंमत समज, चित्रं तुझी. ही सोय मनाची होती हे दोघांनाही ठाऊक असणार, पण तिच्यामुळे तो ताठ मानेने काम करू शकला.

हेग सुटलं, सीनही सुटली. ड्रेंथेच्या ओसाड भागात तीन महिने काढून १८८३ च्या डिसेंबरात तो न्यूनेनला पुन्हा आईवडिलांकडे परतला. इथली दोन वर्षं म्हणजे त्याचं थर्ड इयर. आधी विणकर. अरुंद झोपडीत अख्खा माग मांडलेला, मागे सरकून पाहायलाही जागा नाही, अशा स्थितीत काढलेली ती मागांची चित्रं आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी मुद्दाम पाहावीत, एकेक जोड ओळखता येतो. जवळच्या आइंडहोव्हनमधल्या दोन-तीन हौशी लोकांना तो चित्रकला शिकवायलाही लागला. त्यात एक सोनार होता, एक कातडी कमावणारा. पाच वर्षांपूर्वी दार ठोठवायला घाबरणारा आता दुसऱ्याच्या चुका दाखवत होता. दुसऱ्याला समजावून सांगितलं की आपल्याला किती येतं ते कळतं, हे पी.एल.मध्ये रूममेटला थर्मो शिकवणारा कुणीही सांगेल.

१८८४-८५ चा हिवाळाभर त्याने शेतकऱ्यांचे चेहरे काढले. एक-दोन नव्हे, चाळीस-पन्नास. दिव्याच्या उजेडात, अंधाऱ्या झोपड्यांत. मार्च १८८५ मध्ये वडील अचानक गेले. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात 'बटाटे खाणारे' हे चित्र पुरं झालं. द ग्रोट नावाच्या शेतकरी कुटुंबाचं रात्रीचं जेवण, पाच माणसं, एक टांगता दिवा, ताटात बटाटे. आकार ८२ बाय ११४ सेंटिमीटर. रंग मातीसारखे, हातही मातीसारखे, कारण त्या हातांनीच ते बटाटे जमिनीतून काढलेले.

हे त्याने स्वतःहून 'हे माझं चित्र' म्हणून जगासमोर ठेवलेलं पहिलं काम. आणि त्यावर पहिला घाव घातला तो बॅचमेट रॅपार्डने. चित्राची छापील प्रत पाहून त्याने पत्रातून अवयवांच्या चुका एकेक करून दाखवल्या आणि असं काम गंभीरपणे केलेलं असूच शकत नाही असा ठपका ठेवला. व्हिन्सेंटने ते पत्र तसंच त्याला परत पाठवून दिलं. काही महिने पत्रांतून भांडणं, समजुती झाल्या, पण मैत्री संपली ती संपलीच.

रॅपार्डने काढलेल्या चुका खोट्या नव्हत्या, चित्र समोर ठेवून आपणही त्या मोजू शकतो. पण १८८० चा व्हिन्सेंट असता तर तो हे वाचून मोडून पडला असता. १८८५ च्या व्हिन्सेंटने भांडण केलं, दुखावला गेला, आणि चित्र तसंच ठेवलं. दोन वर्षांनी, पॅरिसमध्ये झगझगीत रंगांत काम करत असतानाही त्याने धाकट्या बहिणीला कळवलं होतं की आपल्या सगळ्या कामात अजून हेच सर्वांत चांगलं वाटतं. चुका दिसूनही काम आपलं म्हणता येणं, याला जर आत्मविश्वास म्हणायचं असेल तर तो इथे आला.

ऑक्टोबर १८८५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचं नवं राइक्स म्युझियम पाहायला तो त्या कातडीवाल्या विद्यार्थ्याबरोबर गेला आणि रेम्ब्रांटच्या 'ज्यू वधू' या चित्रासमोर असा बसला की उठेचना. विद्यार्थी बिचारा बाकीचं म्युझियम एकटाच फिरून आला.

मग शेवटचं सेमिस्टर. नोव्हेंबर १८८५ मध्ये तो अँटवर्पला गेला आणि जानेवारीत तिथल्या कला अकादमीत दाखल झाला, वय ३२. फुकट मॉडेल मिळतील हाच मुख्य हेतू. रेखाटनाचे शिक्षक सिबर्ट यांचा आग्रह आधी बाह्यरेषा स्वच्छ काढण्याचा, हा काढणार छायाप्रकाशाचे गठ्ठे. सहाध्यायांनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार वर्गात व्हीनसचा प्लास्टरचा पुतळा काढायला दिला, तर याने चांगल्या रुंद कमरेची खेडवळ डच बाई काढली आणि गुरुजी असे भडकले की दुरुस्तीच्या नादात कागदच फाटला. सत्र संपलं, परीक्षकांनी कामं तपासली आणि ठरवलं की या विद्यार्थ्याला खालच्या, नवशिक्यांच्या वर्गात घालावं. थोडक्यात इयर डाऊन! फक्त निकाल लागला तेव्हा विद्यार्थी जागेवर नव्हता. महिनाभर आधीच तो न कळवता पॅरिसला थिओकडे निघून गेला होता.

पॅरिसच्या दोन वर्षांबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी शिकण्यापुरतंच लिहितो. कॉर्मों यांच्या स्टुडिओत काही महिने गेला, तिथे तुलूझ-लोत्रेक आणि एमिल बर्नार भेटले. इम्प्रेशनिस्टांची चित्रं पाहून आपले रंग किती काळे आहेत ते कळलं. तेव्हा हा पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला. १८८६ चा उन्हाळाभर फक्त फुलं, लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा अशा जोड्या जमवत. लाखेच्या एका लाल डबीत तो लोकरीचे रंगीत धागे एकमेकांना पीळ देऊन गुंडाळून ठेवायचा, कोणता रंग कशाशेजारी कसा दिसतो ते पाहायला. डबी लोकरीसकट अजून जपलेली आहे. मॉडेलला पैसे नव्हते तेव्हा आरसा घेतला आणि स्वतःचेच चेहरे काढले, दोन वर्षांत पंचवीसहून जास्त. आणि हो, ट्रेसिंगही केलं. एका फ्रेंच मासिकाच्या मुखपृष्ठावर छापलेलं एइसेन या जपानी कलाकाराचं चित्र त्याने पारदर्शक कागदावर गिरवलं, त्यावर चौकटी आखल्या आणि मोठं करून कॅनव्हासवर घेतलं. जी.टी.चं समर्थन करणाऱ्यांना एवढा एक दाखला मी देऊन ठेवतो. त्याने मात्र रंग आणि भोवतीची चौकट स्वतःची घातली होती, हेही सांगायला हवं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधलं आर्ल्स, सूर्यफुलं, पिवळं घर, आजार, सेंट रेमीचं इस्पितळ. त्यातलं एकच सांगतो. १८८८ च्या जूनमध्ये आर्ल्सच्या शेतात त्याने 'पेरणी करणारा' काढला. क्वेमच्या खोलीत मियेवरून गिरवलेला तोच माणूस, तीच ढांग, तोच फेकणारा हात. पण आता जमीन जांभळी आहे, आभाळ पिवळं आहे आणि मागे सूर्य आहे. आठ वर्षं तो माणूस याच्याबरोबर चालत होता. सेंट रेमीला बाहेर जायची मनाई असे तेव्हाही त्याने मियेची छापील चित्रं समोर ठेवून पुन्हा प्रती केल्या, या वेळी रंगात, वीसेक.

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ऑव्हेर गावी राहायला आला. सत्तरेक दिवसांत जवळपास तितकीच चित्रं केली. त्याआधी त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याचं 'लाल द्राक्षमळा' चारशे फ्रँकांना विकलं गेलं होतं, तेच ते प्रसिद्ध 'एकमेव' चित्र. समीक्षक लिहायला लागले होते. आणि जूनमध्ये त्याने थिओला कळवलं की बार्गचे ते कोळशाचे साठ तक्ते पाठवून दे, मला ते सगळे पुन्हा काढायचे आहेत. २९ जुलैला तो गेला, स्वतःवर गोळी झाडल्यानंतर दोन दिवसांनी. वय ३७. सहा महिन्यांत थिओही गेला.

विद्यार्थीदशेतल्या त्या ढीगभर कामाचं काय झालं तेही सांगून टाकतो. न्यूनेन सोडताना त्याने बरंच काम तिथेच ठेवलं होतं. आईने घर हलवलं तेव्हा ती खोकी ब्रेडा गावातल्या एका सुताराकडे ठेवली आणि ती तिथेच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुताराने ती भंगारवाल्याला दिली. त्याने काही फाडून टाकली आणि बाकीची हातगाडीवर घालून बाजारात काही सेंटना एक अशी विकली. जी घेतली गेली त्यातली कितीतरी आज संग्रहालयांत आहेत.